पाठीमागची खोली

३ तारीख, सोमवार

या घरात न्हाणीघराच्या दाराला कडी नाही. आत बादली नाही, बादली नाही म्हणून तांब्या नाही, आणि वरून पाणी असं पडतं की आपण त्याचं काय वाकडं केलंय असं विचारावंसं वाटतं. दार ढकललं की उघडतं, मग आत कोणी का उभं असेना. घरमालकीण म्हणे, इथे सगळे असेच राहतात. राहोत. मी या वयात दाराला पाय लावून अंघोळ करणार नाही.

एवढं सांगून झालं, आता नमस्कार. वहीला नमस्कार करायची मला सवय नाही, पण नात म्हणाली रोजनिशी अशीच सुरू करतात. मी चौथीपर्यंत शिकले, तीही अर्धी. अक्षर लागलं नाही तर वाचणाऱ्याने चष्मा बदलावा.

ही वही मला बक्षीस मिळालेली नाही, तोंडाला कुलूप म्हणून मिळालीय. नात दुपारी संगणकासमोर बसून मीटिंग करते, तेव्हा मी बोललेलं पलीकडे ऐकू जातं. मागच्या गावात मी एवढंच म्हटलं होतं की तुझ्या साहेबाचं टक्कल आज फार चकाकतंय, तर पलीकडची सगळी तोंडं हसली आणि साहेबाचं बंद पडलं. त्यावर नातीने ही वही आणली. काय बोलायचं ते यात लिही, मला दाखव, तोंडाने बोलू नकोस, असं म्हणाली. तेव्हापासून मी लिहिते, वही उंच धरते, ती डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचते आणि हसू दाबते. हसू दाबलं की तिचे गाल फुगतात. तिला मी खार म्हणते ते या गालांमुळेच. लहानपणी औषधाची गोळीसुद्धा गालात लपवून तासभर बसायची.

खारीचा धंदा काय, तर लोकांच्या दुकानांना दारं बसवायची. खरी नव्हेत, संगणकात उघडणारी. एक बटण दाबलं की दुकान उघडतं, दुसरं दाबलं की माल गाडीत पडतो, तिसरं दाबलं की काहीच होत नाही, आणि ते का होत नाही म्हणून ही डोकं धरून बसते. याला वेब डेव्हलपर म्हणतात. मी घरच्या शेजारणीला सांगून ठेवलंय की पोरगी सुतारकाम करते, फक्त लाकूड नसतं.

हे काम कुठूनही होतं, म्हणून ती जग बघत काम करते. दर थोड्या दिवसांनी नवं गाव आणि नवी खोली. जग बघते म्हणजे खिडकीतून, तेही संगणक गरम झाला म्हणून बंद ठेवला तर. मी सोबत का, तर घरी एकटी असताना पडले आणि कंबर धरून बसले. हिचे आईबाप ही लहान असतानाच गेले. तेव्हा मी हिला उचललं, आता ही मला उचलते. दोन पेट्या, एक संगणक, एक आजी.

घर तसं बरं आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, मोठी खिडकी, खाली कपडे धुऊन इस्त्री करून देणारीचं दुकान. त्यामुळे जिन्यात गरम कापडाचा वास येतो. ऊन थेट भिंतीपर्यंत येतं. खारीने आल्या आल्या पलंगावर उडी मारली, पलंग मोडला नाही. मीही जरा पडून पाहिलं. बरं वाटलं. पण न्हाणीघराला कडी नाही ती नाहीच.

५ तारीख, बुधवार

खार खोटं बोलते, आणि इस्त्री केलेलं खोटं बोलते. आज मला सगळं कळलं.

कंपनीचा नियम आहे की काम आपल्या घरातूनच करायचं. घर म्हणजे कागदावर पत्ता दिलाय ते. गिऱ्हाइकांची माहिती देशाबाहेर जाता कामा नये म्हणे. म्हणजे ही आजवर गावोगाव हिंडली ती चोरून, आणि मी त्या चोरीतला माल. मी विचारलं, कळलं तर काय होईल? म्हणाली, काढून टाकतील, पुन्हा कुणी घेणार नाही. एवढं बोलली आणि नख खात बसली.

चोरी लपवायची युक्ती अशी. घर सोडताना तिने आपल्या मधल्या खोलीचा फोटो काढला. चौकटीची चादर घातलेला पलंग, निळं कपाट, पाठीमागचं बंद दार आणि दारावरच्या खुंटीला माझी तपकिरी शाल. मीटिंगमध्ये संगणक हिला कात्रीने कापल्यासारखी कापून घेतो आणि पाठीमागे तो फोटो चिकटवतो. खरं तर हिच्या मागे माझे परकर वाळत असतात. साहेबाला दिसते आपली मधली खोली, जिला आम्ही कधीच कुलूप लावून किल्ली शेजारणीकडे दिलीय. कुंड्यांना पाणी घाल म्हणून.

मीटिंग म्हणजे निव्वळ शाळेची हजेरी. टकला साहेब एकेकाचं नाव घेतो, ज्याचं नाव घेतलं त्याने ओ द्यायची आणि सांगायचं की काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का. खारीचं उत्तर ठरलेलं, काही अडलं नाही. एक चष्मेवाली आहे, तिचं मात्र रोज अडतं. टकला सगळ्यांना मस्त म्हणतो. यासाठी शिकलेली माणसं लागतात.

मी वही धरली: हा पगार मला दिला तर मीही मस्त म्हणेन. खारीचे गाल फुगले.

७ तारीख, शुक्रवार

आज मला ठसका लागला. ठसका काही वहीत लिहून दाखवता येत नाही. टकल्याने विचारलं, कोण खोकतंय? खार दचकली आणि म्हणाली, "माझी आजी. पाठीमागच्या खोलीत आहे, दाराच्या पलीकडे."

टकला पाघळला. आज्या किती गोड असतात, म्हणाला. माझीही फार गोड होती, तुझीही असेल. खार माझ्याकडे न बघता हो म्हणाली, फार गोड आहे. मी शेजारीच स्टुलावर बसले होते, हातात वही, पायात तिचे मोजे. फोटोतल्या दाराच्या पलीकडे मी कशी असेन? आपल्या घरी त्या दाराच्या पलीकडे मोरी आहे.

मी लिहिलं: गोड तुझा साहेब. या वेळी ती हसली नाही. एकदा बोललेलं खोटं तिला लागतं बहुतेक. लागलंच पाहिजे.

१० तारीख, सोमवार

फोटोतली शाल गेली.

मी कडेला बसते तिथून मला पडदा तिरका दिसतो, पण शाल माझी आहे, ती मला अंधारातही कळेल. दारावरची खुंटी रिकामी होती. शाल इथे माझ्या अंगावर आहे हे खरं, घर सोडताना मीच ती खुंटीवरून काढून घेतली. पण फोटो त्याच्या आधीचा. फोटोतून कशी निघेल?

मीटिंग संपल्यावर खारीने मूळ फोटो उघडून दाखवला. शाल जागच्या जागी. म्हणाली, नेट हळू चालतंय, चित्र अर्धवट येतं. या पोरीला जे बघायचं नसतं ते सगळं नेटमुळे होतं.

खाली इस्त्रीवालीने माझा परकर करपवला आणि वर इतकं गोड हसली की मला भांडायलाही सुचलं नाही. गोड बोलणाऱ्यांचं हे असं असतं.

१२ तारीख, बुधवार

दार किलकिलं आहे. फोटोतलं.

आज खारीनेही पाहिलं. तोंडाने काही अडलं नाही म्हणत होती आणि डोळे स्वतःच्या खांद्याच्या मागे. आपली पाळी संपताच तिने तो फोटो हटवून पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावलं. एक पुस्तक वाचलेलं नाही आणि मागे कपाट. तोवर बाकीचे बोलतच होते. खार पाणी प्यायला वाकली आणि सरळ झाली तर पाठीमागे पुन्हा आपली मधली खोली. पलंग, निळं कपाट आणि दार, आधीपेक्षा थोडं जास्त उघडलेलं.

चष्मेवाली मध्येच हसून म्हणाली, तुझी आजी किती गोड आहे, आताच दारातून हात केला.

मी माझे दोन्ही हात बघितले. वही आणि पेन्सिल.

१३ तारीख, गुरुवार

शेजारणीला फोन लावला. ही बाई बारा महिने माझ्यावर रुसलेली असते. कारण मी तिच्या तोंडावर सांगते की तिच्या हाताला चव नाही आणि सुनेच्या हाताला आहे. आज फोन उचलताच तिचा आवाज लोण्यासारखा. म्हणाली, काकू, परत आल्या आल्या आधी मला हाक मारलीत, आत बोलावलंत, चहा दिलात, किती बरं वाटलं.

मी म्हटलं, मी परदेशात आहे. ती हसली. काकू, तुम्ही थट्टाही करायला लागलात, म्हणाली. काल दुपारी तुम्ही स्वतः माझ्याकडून किल्ली घेतलीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. इतकी वर्षं तुम्हाला मी चुकीचं समजले.

अगं बयो, तू मला अगदी बरोबर समजली होतीस.

आणि पोरगी? मी विचारलं. ती म्हणाली, पोरगी आत असेल, कामाचा आवाज येतो, खटखट खटखट, पण अजून बाहेर आलेली नाही. तुम्हीच तर म्हणालात, येईल हळूहळू.

फोन ठेवला तेव्हा माझ्या कमरेतून कळ गेली. खारीला सगळं सांगितलं. ती भलतंच बोलली. डोक्यावरून हात फिरवला? असं तिने विचारलं. तेवढंच विचारलं.

१४ तारीख, शुक्रवार

खारीला कोणीतरी मीटिंगमध्ये हाक मारलेली ऐकू येते. टकला नव्हे. हेडफोनमध्ये, सगळ्यांच्या बोलण्याच्या खाली. तिचं कागदावरचं नाव नाही, खारे म्हणून. राजा म्हणून. बाळा म्हणून.

मी तिला राजा कधी म्हटलं नाही. म्हणायची गरज पडली नाही, जेवायला वाढलं की येत होती.

१७ तारीख, सोमवार

आज खार मीटिंगला बसलीच नाही. डोकं दुखतं म्हणून दुपारी आडवी झाली आणि डोळा लागला. मी उठवलं नाही. एक दिवस हजेरी चुकली तर टकल्याचे काही केस गळणार नाहीत.

उठली तर टकल्याचा निरोप: आज छान बोललीस, मस्त. चष्मेवालीचा निरोप: माझं अडलेलं सोडवलंस, उपकार झाले.

खार निरोपाकडे बघत बसली. मग मला काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, मोठ्याने बोल. ती म्हणाली, मोठ्यानेच बोलतेय.

आवाज बसलाय. एका दुपारीत. घसा लाल नाही, ताप नाही. फक्त आवाज मागे कुठेतरी राहिल्यासारखा, शेजारच्या खोलीतून यावा तसा.

१८ तारीख, मंगळवार

मी संगणक मिटला, पेटीत घातला, पेटीवर बसले. खार हात जोडत होती. मी म्हटलं, नोकरी गेली तर जाऊ दे, लोकांच्या घरची भांडी घासू, दोघी घासू.

मी पेटीवर बसले होते आणि पेटीच्या आत मीटिंग चालू होती.

बंद संगणक, बंद पेटी. टकल्याने नावं घेतली, एकेक करून. हिचं घेतलं. आणि हिच्याच आवाजात ओ आली, खणखणीत, परवापर्यंत होता तशा आवाजात. काल हे केलं, आज ते करणार. काही अडलं नाही.

माझ्यासमोर पोरगी तोंड उघडून उभी होती. तोंडातून वारा निघत होता.

आता हिशोब स्पष्ट आहे. तिकडची जितकी ओ देते तितका इकडचीचा आवाज जातो. मीटिंगला न बसलं तर ती बोलणार. म्हणजे बसायलाच पाहिजे, आणि नाव घेतलं की तिच्याआधी बोलायला पाहिजे. जी आधी बोलेल, पडद्यावरची चौकट तिची.

खारीला समजावलं. मान डोलावली. पण डोळे पेटीकडे.

१९ तारीख, बुधवार

आज खारीने आधी ओ दिली. घोगरी, पण दिली. टकला म्हणाला, तुझा आवाज आज बरोबर येत नाही, काल किती छान येत होता. गाढव.

पुन्हा शेजारणीला फोन केला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता जा आणि माझं दार वाजव, फोन हातात ठेव. बिचारी गेली. टकटक ऐकू आली. मग दार. मग माझा आवाज.

माझाच. पण तूप लावलेला.

शेजारीण गोंधळली आणि तिने फोन त्या दारातल्या बाईच्याच हातात दिला. ती म्हणाली, "दमलीस ना गं? पुरे झालं आता फिरणं. पोरीला पाठवून दे. मी तिला कधी रागावणार नाही."

मी म्हटलं, "माझ्या घरात चपला घालून फिरू नकोस." दुसरं काही सुचलं नाही.

ती हसली. माफ कर हं, म्हणाली. आणि चपला काढल्याचा आवाज आला.

२० तारीख, गुरुवार

खार दिवसभर हेडफोन लावून बसते. मीटिंग नसतानाही. पडद्यावर काही नाही. मी एक बाजू ओढून कानाला लावली. आत ती, तिकडची, अंगाई म्हणत होती. मी कधी म्हटली नव्हती. आम्हाला झोप यायला अंगाई लागली नाही, दिवसभराचं काम पुरत होतं.

मी हेडफोन खिडकीतून खाली टाकला. इस्त्रीवालीने वर आणून दिला. गोड हसली.

खारीने वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, कारण बोलणं जमत नाही आता. लिहिलं: ती मला बोलावते, आजी. तू कधी बोलावलं नाहीस.

मी खाली लिहिलं: तू कधी लांब होतीस, की बोलवू?

तिने वाचलं. हेडफोन पुन्हा कानाला लावला.

२१ तारीख, शुक्रवार

मीटिंगमध्ये ती पलंगावर बसलेली दिसली. मी. तपकिरी शाल पांघरून, पाय जवळ घेऊन. सगळे तिला नमस्कार करत होते. टकला म्हणाला, आजी, आशीर्वाद असू द्या. तिने दिले. सगळ्यांना, एकेकाचं नाव घेऊन.

खार आज मागे राहिली. नाव घेतलं, तिने श्वास घेतला, तेवढ्यात ओ आली. पडद्यावर हिचेच ओठ हलले. इकडे हिचे मिटलेले होते.

मी ठरवलं. हे सुरू झालं त्या खोट्याने: आजी पाठीमागच्या खोलीत आहे. ज्याच्या कानात ते घातलं, त्याच्याच कानात खरं घालायचं. की त्या खोलीत कोणी नाही, आम्ही घरी नाही, इथे आहोत दोघी. नोकरी गेली तर जाऊ दे.

खारीने मान डोलावली. नोकरी जाईल, हेही कळलं तिला. पण तिच्याकडे बोलायला आवाज आहेच कुठे? एक धागा उरलाय. त्यात एक शब्द जेमतेम.

मी बोलेन. तोंडाचा पट्टा कशासाठी दिलाय मला.

न्हाणीघराच्या दाराला एक खुंटी आहे. ती परवा नव्हती.

२२ तारीख, शनिवार

सुट्टी. मीटिंग नाही.

भिंतीला निळा रंग चढतोय — कपाटाच्या उंचीचा. ओल असेल.

घरमालकीण भाड्याच्या गोष्टी करायला आली आणि माझ्याशीच बोलली. जाताना खारीला तिचा धक्का लागला, माफी मागितली नाही. धक्का लागलेला कळलाच नाही तिला.

२३ तारीख, रविवार

न्हाणीघराला कडी आली.

आतून. आणि लागलेली आहे.

मी ढकलून पाहिलं. आतून कोणी म्हणालं, आलेच हं — माझ्या आवाजात. पाणी पडत होतं. हळू, बादलीत पडावं तसं.

खार तिथे जाऊन उभी होती, हात दारावर. मी मनगट धरून ओढून आणलं. मनगटात वजन नाही. लहानपणी ताप आला होता तेव्हाही एवढी हलकी —

आज रात्रभर तिचा हात सोडणार नाही.

२४ तारीख, सोमवार

खारे, इकडे बघ. वही बघ. पडदा नको.

तुला हेडफोन दिलेला नाही, आवाज मोकळा सोडलाय. मला ऐकू यायला हवं. टकल्याने सुरुवात केली. चष्मेवालीचं नाव घेतलं. तिचं अडलंय. बरं झालं, बोलू दे तिला —

मी स्टुलावर नाही, तुझ्या खुर्चीच्या अर्ध्या भागात. चौकटीत दोघी दिसायला हव्यात. मी दिसतेय का? कान दिसतोय माझा. एक कान. चालेल.

ती पलंगावरून उठली. चपला नाहीत पायात. ऐकलं तिने माझं.

शाल — मी आत्ता अंगावर घेतली होती. नाही. मागे बघू नकोस. खुंटीवर आहे. आपल्या इथल्या. मला दिसतेय, तू बघू नकोस —

कडी काढली आतून.

मागे बघू नकोस म्हटलं ना.

ऐकतेय मी. खारे म्हणतेय. राजा म्हणतेय. पडद्यातून नाही — मागून. किती गोड. कळतं मला. दहा वेळा म्हणेल. मी एकदाही म्हणणार नाही, तरी तू इथेच बसायचं, माझा हात धरून, समजलं? घट्ट.

उरलेला धागा तिच्यावर खर्च करू नकोस. गालात ठेव. लहानपणी गोळी ठेवायचीस तसा. तोंड मीट. हां. फुगले गाल. अशीच —

टकला पुढच्यावर आला. त्याच्यानंतर तू. पाय जवळ आले, ओले आहेत, फरशीवर वाज— हात ठेवला कोणीतरी माझ्या डोक्यावर, फिरवतेय — तुझ्या नाही ना? माझ्याच? असू दे. फिरवू दे.

तुझं नाव घेईल आता. कोणीही हाक मारू दे, टकला मारू दे, ती मारू दे, अगदी मी मारली तरी — तू ओ द्यायची नाही. ओ मी देणार आणि खरं सांगणार. फक्त मी, तू नाही, ऐक, मी —